घरच्या पोराची बोली

ज्याला सगळी वस्ती ‘आपला’ म्हणते, त्याच्यासाठी भरल्या हॉलमध्ये एकही हात वर होत नाही, असं तुम्ही कधी पाहिलं आहे का? मी पाहिलं आहे. तो माझा मोठा भाऊ होता.

नागपुरात आमच्या भागात दर हिवाळ्यात लेदर बॉल क्रिकेटची लीग होते. टीव्हीवरच्या मोठ्या लीगसारखंच सगळं. संघांचे मालक, रंगीत जर्सी, आणि सामन्यांच्या आधी खेळाडूंचा लिलाव. तो एका मंगल कार्यालयात होतो. एरवी जिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात तिथे पडदा लावतात, त्यावर एकेका खेळाडूचा फोटो येतो, आणि समोर टेबलांवर बसलेले मालक हात वर करून बोली लावतात. बोली पैशांची नसते. सगळ्या मालकांना सारखे गुण दिलेले असतात. ते संपले की तो मालक थांबला. खेळाडू मागे बसून आपली किंमत ऐकतात.

भाऊ डाव्या हाताने फिरकी टाकतो. बुटीबोरीला कापडाच्या कंपनीत कामाला आहे. त्या दिवशी घरून निघताना तो आईला म्हणाला, “यंदा कोणी नाई घेतलं तर बस झालं. कंपनीवाले ओव्हरटाइम देऊन राहिले, तो घेतो. बॉल सोडतो.”

“सोडतोस कसा? दादा हाय न आपला,” आई म्हणाली.

दादा म्हणजे आमच्या वस्तीच्या संघाचे मालक. हार्डवेअरचं दुकान आहे, सणावारी मांडव त्यांच्याच खर्चाने पडतो. आईचा भरवसा उगाच नव्हता. आमच्या लीगमध्ये एक मर्यादा आहे. ज्या वस्तीचा पोरगा, त्याच वस्तीच्या संघाने त्याला घ्यायचं. दुसऱ्या मालकाने हात वर करायचा नाही. नियमांत हे कुठेही लिहिलेलं नाही. एका वर्षी शेजारच्या संघाने आमची दोन पोरं ओढून नेली, मैदानावर दगड चालले, तेव्हा सगळ्या मालकांनी एकत्र बसून हे ठरवलं. सगळ्यांच्या भल्यासाठी, असं सांगितलं गेलं.

माझे बाबा हातमाग कामगारांच्या संघटनेत होते. मला वाचायला आलं ते पत्रकांवर, त्यांच्या घड्या घालता घालता. त्यामुळे ‘सगळ्यांच्या भल्यासाठी’ हे शब्द कानावर पडले की मी विचारते, सगळे म्हणजे कोण कोण? त्या बैठकीत एकाही खेळाडूला बोलावलं नव्हतं.

लिलाव सुरू झाला. माईकवर बोली पुकारायला एक शाळामास्तर होते, आणि मी मागे भावाशेजारी बसले होते. दादा पहिल्यापासून रंगात. बाहेरगावचा एक सलामीचा फलंदाज पडद्यावर आला आणि त्याच्यासाठी दादा आणि एक जिमवाला मालक यांच्यात जुंपली. हॉलमध्ये शिट्ट्या. दादांचा हात खाली यायला तयार नाही. मी भावाकडे पाहिलं. तो दोन्ही तळवे मांड्यांवर घासत होता.

“काहून इतके गुण उडवून राहिले?” मी विचारलं.

“त्याईले माहीत हाय वं. मी कमीत कमी बोलीत भेटतो त्याईले. माह्यावर दुसरा कोण हात टाकते?”

तो फलंदाज दादांना मिळाला. मग एक अष्टपैलू. मग दादांच्या बाजूला बसलेल्या माणसाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दादांचा चेहरा उतरला. संघात यष्टिरक्षक घ्यायचाच राहिला होता. यष्टिरक्षकाशिवाय संघ मान्य होत नाही. तेवढ्यात एक आला, आणि दादांचे उरलेसुरले गुण त्याच्यावर गेले.

पुढचा फोटो भावाचा होता.

मास्तरांनी त्याचं नाव घेतलं. डावखुरा फिरकी गोलंदाज, मैदानावर मेहनती पोरगा. “कोण घेते?” दादांनी मान खाली घातली आणि मोबाइल पाहू लागले. मी बाकीची टेबलं पाहत होते. काटोलहून आलेला एक संत्र्यांचा व्यापारी त्याच्या गावच्या संघाचा मालक होता. त्याने त्या दिवशी एकही फिरकी गोलंदाज घेतलेला नव्हता. त्याचा हात टेबलावरून उचलला गेला. त्याने दादांकडे पाहिलं. हात परत खाली गेला.

“एक बार... दो बार...” मास्तर थांबले. त्यांनाही वाईट वाटत असावं. मग पडद्यावर भावाच्या फोटोवर लाल अक्षरं आली, अनसोल्ड. मागून कोणीतरी हसलं, “अबे, घरची मुर्गी दाल बराबर!”

चहाची सुट्टी झाली. तिच्यानंतर न गेलेल्या खेळाडूंची दुसरी फेरी होती. पण एखाद्या मालकाने नाव मागितलं तरच फोटो पुन्हा लागणार होता. मी सरळ काटोलवाल्यांकडे गेले.

“तुम्हाला पाहिजे होता न तो?”

“पाह्यजे होता, ताई. पण तो त्याईच्या वस्तीचा हाय. त्याईनं हो म्हणावं, मी आत्ताच्या आत्ता मागतो. अशानं गावात भांडण नाई लावत मी.”

मी दादांपाशी गेले. ते बशीत चहा ओतत होते.

“दादा, तुम्ही एक शब्द बोला. बाकीच्यांना मोकळं करा.”

“काय वं पोरी, लोकं काय म्हणतीन? दादानं घरचा पोरगा देऊन टाकला?”

“आणि घरचा पोरगा घरी बसला, तर काही म्हणत नाहीत?”

“पुढच्या वर्षी पक्का घेतो त्याले. पहिलं नाव त्याचंच.”

“त्याला पुढचं वर्ष नाही. तो सोडून राहिला.”

दादांनी बशी खाली ठेवली. भाऊ मागून येऊन उभा राहिला होता. “चाल घरी,” तो मला म्हणाला. “भीक मागून राहिली का तू?”

“हक्क मागते,” मी म्हटलं, आणि ते मोठ्याने निघालं. आजूबाजूचे वळून पाहू लागले.

दुसरी फेरी सुरू झाली. एकेक नाव मागितलं जात होतं. काटोलवाले दादांकडे बघत, दादा पडद्याकडे. मास्तर म्हणाले, “और कोई? नाहीतर बंद करतो.” मी खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, “दादा, सांगा. तुमची हरकत आहे का?”

दादांचे कान लाल झाले होते. ते म्हणाले, “माही काहून हरकत राहीन? घ्या न ज्याले घ्याचा त्यानं. आमी काय बांधून ठेवला का?”

शब्द परवानगीचे होते. आवाज परवानगीचा नव्हता. काटोलवाल्यांनी तो आवाज ऐकला, टोपी नीट केली, आणि हात टेबलाखालीच ठेवला. मास्तरांनी पुन्हा एकदा विचारलं. मग लिलाव संपल्याचं सांगितलं.

रविवारी भाऊ मैदानावर गेला नाही, कंपनीत ओव्हरटाइमला गेला. दादा आम्हाला अजून भेटतात, भावाची चौकशी करतात, “आपला पोरगा” असंच म्हणतात. लोकांनी मला ऐकवलं की मी चारचौघांत दादांचा अपमान केला. मी तेव्हा बोलले ते आजही बोलेन. दादांच्या शब्दाची वेळ सकाळची होती, पहिल्या बोलीआधीची, आणि तेव्हा तो कोणी मागितला नाही, मीही नाही.

तुमच्याकडेही अशी लीग होत असेल. तुम्ही एखाद्या संघाचे मालक असाल, किंवा मालक तुमच्या ओळखीचा असेल, तर एवढं करा. पहिला फोटो लागण्याआधी उभे राहा, नाहीतर त्याला उभं करा, आणि प्रत्येक टेबलाला ऐकू जाईल असं सांगा, की आमच्या वस्तीच्या पोरांवर ज्याला वाटेल त्याने बोली लावावी, आम्हाला आनंद आहे. हसत सांगा. चहाची सुट्टी होईपर्यंत थांबू नका.