मेथीचं सीलबंद पाकीट

फावड्यावरचं ढेकूळ मंजिरीने माझ्या नाकाखाली धरलं.

"घे वास."

पावसात भिजलेल्या पाल्याचा वास होता. दाबताच ढेकूळ फुटलं. आत चार गांडुळं निघाली. मी ती मोजली, आणि मोजल्याचा मला राग आला.

शेत हॅनोव्हरजवळ आहे. वोल्फ्सबुर्गहून रीजनल ट्रेन, पुढे बस; महिन्याच्या पासात दोन्ही बसतं. शेवटचे दोन किलोमीटर चालत. रविवारी बस नसते. जुने बूट घालून जा.

मंजिरी आणि मी एकाच कारखान्यात गुणवत्ता विभागात होतो. ही जमीन आम्ही दोघांनी शोधली. खंडाच्या करारावर सही करायच्या आठवड्यात मी माघार घेतली. तिने एकटीने सही केली. आता ती नांगर चालवत नाही, वर्षभर माती कुठल्या ना कुठल्या पिकाखाली झाकलेली ठेवते. 'उमश्टेलुंग', म्हणजे रासायनिकातून सेंद्रियात जाण्याचा काळ, संपत आला होता. आजच्या तपासणीत काही निघालं नाही तर प्रमाणपत्र. निघालं तर त्या तुकड्यापुरतं पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या वर्षी मी तिला पुण्याहून मेथीचं बियाणं आणून दिलं होतं. 'मस्त आली, पराठे केले,' असा तिचा मेसेज आला होता. यंदाही त्याच कंपनीचं एक पाकीट आणलं. सकाळी ट्रेनमध्ये त्याची मागची बाजू पहिल्यांदा वाचली: बियाण्याला बुरशीनाशक लावलेलं आहे.

तिला सांगायला सकाळपासून वेळ होता. मी सांगितलं नाही. नवं पाकीट बॅगेतच ठेवलं.

जेवायला उकडलेले बटाटे, क्वार्क म्हणजे इथलं चक्क्यासारखं घट्ट दही, आणि लसणाची चटणी होती. बटाटे तिच्या शेतातले. खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

दोन वाजता तपासनीस बाई आल्या. गमबूट, हातात टॅब्लेट. त्यांनी बियाण्यांची बिलं पाहिली, गोदाम पाहिलं, वाफे फिरून पाहिले. मग विचारलं, "नोंदीबाहेरचं काही बियाणं?"

मी जमिनीकडे पाहिलं.

"हो, एक आहे," मंजिरी म्हणाली. आत जाऊन तिने पत्र्याचा डबा आणला. त्यात माझं गेल्या वर्षीचं पाकीट होतं, सीलबंद. वर तिच्या अक्षरात जर्मनमध्ये चिठ्ठी: भेट मिळालेलं, प्रक्रिया केलेलं, पेरलेलं नाही. बाईंनी फोटो काढला, मान हलवली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेल्या.

त्यांची गाडी वळल्यावर मी विचारलं, "अगं, मग ते पराठे?"

"केले ना. इंडियन शॉपमधल्या फ्रोझन मेथीचे." ती हसली. "इतक्या हौसेने आणलेलं तू, तोंडावर काय सांगणार? पण काय रे, जन्मभर लोकांची ऑडिटं करतोस आणि पाकिटाची मागची बाजू वाचत नाहीस?"

"राहिलं वाचायचं," मी म्हणालो.

निघताना तिने बटाट्यांची पिशवी हातात दिली. बस वेळेवर आली. जाण्यासारखी जागा आहे का, असं कुणी विचारलं तर जरूर जा म्हणेन. तिथली माती खरोखर चांगली आहे. ती माझी असू शकली असती, हे घरापर्यंत डोक्यातून गेलं नाही. तिची तर पराठ्यांची थापसुद्धा माझ्या खऱ्या भेटीपेक्षा बरी निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीतल्या कुंडीत मी नव्या पाकिटातली मेथी पेरली. बियाण्यावरच्या बुरशीनाशकाच्या रंगाने बोटं गुलाबी झाली. साबणाने दोनदा धुतली आणि बटाटे उकडायला ठेवले.