चहासकट उलटा केलेला कप

संग्राहक मंडळी, आज कमाल झाली!

ऑफिसातल्या फ्रान्सिसच्या घरी तारोडीला गेलो होतो. त्याच्या आईने चहा दिला. कपावर सोनेरी वेलबुट्टी, गुलाबी फुलं, नागमोडी कान. अस्सल रोकोको शैलीची जुनी युरोपी नक्षी! तळावरची कारखान्याची खूण बघायला मी घाईने कप उलटा केला. भरलेला कप! सगळा चहा पँटवर.

पण खूण जर्मनच होती!

"मावशी, विकणार का?"

"न्हाय रे बाळा. माझ्या बापानं बोटीवरून आणलेला हाय. रोज चहा पिते मी यात. फ्रान्सिस सांगतो, तुझ्याकडे पण असे कप हायत. तू पितोस ना त्यात?"

माझे सगळे कपाटात, कुलूपबंद.

आत्ता त्यातल्याच एका कपातून पहिल्यांदा चहा पितोय. तुमच्यापैकी कोणी प्यायलंय कधी? खरं सांगा!