माणूस पाण्यावर असताना

मी मुळात शांत बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. रोज सकाळी दत्तमहाराजांपुढे बसून जप करते आणि आसनावरून उठल्या उठल्या कुणावर तरी ओरडते. त्या बुधवारी मात्र माळ हातात घेऊनही नाव ओठांवर येईना. आम्ही आखातात, रुवैसला कंपनीच्या वसाहतीत राहतो. आमचे हे समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामाला आहेत, दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी. आदल्या दुपारी त्यांची बोट निघाली, वाटेत वाळूचा वारा सुटला आणि बोटीशी संपर्क तुटला. एवढंच मला कळलं होतं, तेही मोबाइलवरच्या बायकांच्या ग्रुपमधून, हात जोडलेल्या चित्रांसकट.

ऑफिसला चार वेळा फोन केला. चारही वेळा तोच गोड आवाज, "मॅडम, एव्हरीथिंग इज अंडर कंट्रोल, इन्शाल्ला. वी विल कॉल यू बॅक." चौथ्यांदा माझा तोल सुटला. "कंट्रोलमध्ये आहे ना, मग त्यांना फोनवर द्या!" असं मी ओरडले, तर पलीकडून फोन ठेवून दिला. तळपायाची आग मस्तकात गेली. मग मी महाराजांवर घसरले. इतकी वर्षं एक गुरुवार चुकवला नाही, आणि वेळ आल्यावर तुम्हीही ऑफिससारखेच गप्प बसणार असाल, तर मी कुणाच्या भरवशावर राहायचं? असं मोठ्यानं म्हणाले आणि माळ ताटलीत आपटली.

तेवढ्यात योहाना आली. योहाना आमच्याकडे घरकामाला येते. पन्नाशीची असेल, अकरा वर्षं आखातात आहे. पूर्व इंडोनेशियात लेम्बाता नावाचं एक बेट आहे, तिथल्या किनाऱ्यावरचं तिचं गाव. पोळ्या लाटता लाटता तिनं ते मला इतकं सांगितलंय, की डोळे मिटले तर मी त्या गावातून चालू शकेन. मागे ज्वालामुखीचा डोंगर, पुढे काळी वाळू, जमीन इतकी खडकाळ की काही पिकत नाही. पुरुष लाकडी होड्या घेऊन मासेमारीला जातात. बायका ती मासळी वाळवून, डोक्यावर टोपली घेऊन डोंगर चढतात आणि वरच्या गावांतून मका आणि केळी बदलून आणतात. किनाऱ्यावर छोटं प्रार्थनाघर आहे. हंगामाच्या सुरुवातीला पाद्री होड्यांवर पाणी शिंपडतो, आणि जे परत आले नाहीत त्यांच्यासाठी समुद्रात दिवे सोडतात. योहानाचे वडील त्यांतलेच एक.

आणि त्या गावचा एक नियम आहे. माणूस पाण्यावर असेल तर त्याच्या घरात भांडण असता कामा नये. घरात अबोला असला, की होडीचा दोर तुटतो म्हणे. म्हणून होड्या निघण्याआधी बायका एकमेकींच्या दारी जाऊन रुसवे मिटवून येतात. योहानाचे वडील गेले तेव्हा गावानं तिच्या आईकडे बोट दाखवलं. का, तर पाण्याच्या हंड्यावरून ती बहिणीशी भांडली होती! हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच माझा संताप झाला होता. वारा समुद्रावर सुटणार, होडी पुरुषांनी बांधलेली, आणि दोष कुणाचा, तर घरी चूल फुंकणाऱ्या बाईचा!

त्या सकाळी योहाना दारातच उभी राहिली. तिला खालीच कळलं होतं. मी फोनवर, ग्रुपवर, देवावर तोंडाचा पट्टा सोडलेला. तिनं माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला. म्हणाली, "मॅडम, सर पानी में. घर में गुस्सा नहीं करना."

"म्हणजे आता माझ्यामुळे बोट हरवली? तुम भी यही बोलोगी?"

"मॅडम के कारण नहीं," ती म्हणाली, "मेरे कारण." आणि रडायला लागली. "आठ महीना मॅडम का मामा से बात नहीं. वो झगडा मेरा मछली से हुआ."

मामा म्हणजे तिच्या भाषेत आई, माझ्या सासूबाई. त्यांचं असं झालं होतं. त्या साताऱ्याहून आल्या असताना योहानाच्या बहिणीनं गावाकडून सुकवलेले मासे पाठवले. योहानाच्या गावी हंगामातला पहिला वाटा घरातल्या थोरांना देतात. आमच्या घरात सगळ्यांत थोर देव, हे तिनं रोज पाहिलेलं. तिनं भक्तिभावानं दोन मासे स्वच्छ ताटलीत घालून महाराजांपुढे ठेवले. आईंनी ते पाहिलं मात्र, घर डोक्यावर घेतलं. देव्हारा तीन वेळा धुतला आणि योहानाला असं काही बोलल्या, की मी ते लिहिणार नाही. मीही कमी नाही. त्याच आठवड्यात त्यांना परत पाठवलं आणि त्यांचा नंबर मोबाइलवर ब्लॉक करून टाकला. आजही सांगते, त्या दिवशी मी बरोबर होते.

पण या आठ महिन्यांत हे जेव्हा जेव्हा बोटीवर गेले, तेव्हा तेव्हा योहाना जीव मुठीत धरून होती, हे मला त्या सकाळी कळलं. ते परत येईपर्यंत ती खोलीत मेणबत्ती लावायची. मी तिची बाजू घेतली म्हणून मिरवत होते, आणि त्या भांडणाचं ओझं तिच्या डोक्यावर होतं.

"ममा, जस्ट कॉल आज्जी, प्लीज," माझी लेक म्हणाली. त्या दिवशी तिला शाळेत पाठवलं नव्हतं.

बोट, दोर, अबोला यातलं मला काहीही पटलं नव्हतं. पण समोर योहाना रडत होती. आणि एकदम लक्षात आलं, की ज्या बाईचा मुलगा समुद्रात बेपत्ता आहे, तिला अजून कुणी सांगितलेलंच नाही. देव्हाऱ्याकडे बघून मी म्हणाले, "घ्या, हरले. आता तुम्ही बघा." आईंच्या नंबरवरचा ब्लॉक उघडला आणि फोन लावला.

एका घंटीत उचलला. "अगं, आहेस कुठे! सकाळी सातपासून लावतेय. आधी ऐक, तो सुखरूप आहे."

मग आईंनी सगळं सांगितलं. इंजिन बंद पडून बोट वाहत गेली होती. पहाटे एका मालवाहू जहाजानं सगळ्यांना वर घेतलं. यांची बॅग मोबाइलसकट समुद्रात गेली. जहाजावरून प्रत्येकाला एकच फोन करू दिला, आणि यांना पाठ असलेला नंबर जगात एकच, साताऱ्याच्या घरचा जुना लँडलाइन. "हिला लगेच कळव," एवढंच ते बोलू शकले. तीन तास ती बातमी माझ्या दाराशी उभी होती आणि कडी मीच आतून घातली होती.

"योहाना आहे का तिथं? दे तिला," आई म्हणाल्या. मी फोन स्पीकरवर टाकला. आई अडखळत हिंदीत बोलल्या, "बेटा, साहब ठीक है. रोना नहीं. मेरा उस दिन बहुत गलत हुआ." योहानानं दोन्ही हातांनी फोन धरून कपाळाला लावला.

ऑफिसचा फोन दुपारी चारला आला, "गुड न्यूज, मॅडम." त्यांना काय ऐकवलं ते सोडा. तो राग मी अजून सोडलेला नाही, सोडणारही नाही. योहानाच्या आईला दोष देणाऱ्यांवरचा तर मुळीच नाही.

दिवाळीला आई आल्या. योहाना भांडी विसळत होती, आई तिच्याशेजारी बसून करंज्या भरत होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, तेव्हा तुमचा फोन लागत नव्हता ना, रेंजमुळे नाही. मी तुम्हाला ब्लॉक केलं होतं."

त्यांनी मान वर केली नाही. "ठाऊक होतं मला," म्हणाल्या. "आठ महिने कुणाची रेंज जाते का?"

"मग त्या दिवशी तीन तास का लावत बसलात?"

"तू कधी उघडशील ते मला काय माहीत?" करंजीची कड दाबत त्या म्हणाल्या.

मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. ज्यांना मी गप्प बसलात म्हणून बोल लावला होता, ते त्या सकाळी सातपासून मला हाक मारत होते. आता जपाला बसताना मी काही मागत नाही. आधी मोबाइल बघते, कुणाचं दार लावून घेतलेलं नाही ना, आणि मग माळ हातात घेते.