मामांच्या लॅपटॉपचं नवं कार्ड

माझ्या बायकोच्या मामांनी उघडलं नाही असं एकही यंत्र पलूसमध्ये शिल्लक नव्हतं, आणि त्यांनी उघडल्यावर पूर्वीसारखं चाललं असंही एकही नव्हतं. मामा फौजेत वायरलेसवर होते. सुभेदार होऊन उसाच्या शेतीवर परतले ते एक ठाम मत घेऊन: कंपनीवाला वस्तू बनवतो खरी, पण त्याला ती नीट कळलेली नसते. "उघडायचंच न्हाई तर स्क्रू कशाला लावत्यात?" असा त्यांचा सवाल असे. भिंतीवरचं घड्याळ, शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर, विहिरीवरची मोटर, सगळ्यांची पोटं त्यांनी फाडली होती. जोडणी झाल्यावर दोन-चार स्क्रू हमखास उरत. मामा ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकत आणि म्हणत, "जादाचं असत्यात. वजन भरायला घालत्यात लेकाचे." मामींचं मत वेगळं होतं. "मिक्सर उघडला तवापासनं मी पाट्यावर वाटतीया," एवढंच त्या म्हणत, आणि तेही मामांना ऐकू जाईल अशा बेताने.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मामांची एकुलती लेक अमेरिकेत होती. तिच्या नवऱ्याने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना, विटेएवढा जाड, ओळखीच्या कुणाबरोबर पलूसला धाडला. मी सांगलीच्या एका बँकेत कॉम्प्युटरसमोर बसत असे, एवढ्या पुण्याईवर घराण्यातला तज्ज्ञ ठरलो होतो. त्यामुळे फोनच्या तारेवरून इंटरनेट लावून देणं माझ्याच गळ्यात आलं. अशात लेकीला मुलगी झाली आणि तिने बाळाचा फोटो पाठवला. लॅपटॉपमधलं मोडेमचं कार्ड, म्हणजे फोनच्या तारेशी बोलणारी ती चपटी पट्टी, इतकं म्हातारं होतं की फोटो पडद्यावर वरून खाली सुतासुताने उतरे आणि मध्येच लाइन तुटे. तीन आठवड्यांत आजी-आजोबांना नातीचं टोपडं दिसलं, कपाळ दिसलं आणि एका भाग्यवान दुपारी भुवया दिसल्या. त्याखाली गाडी कधी सरकली नाही.

"पोरीला डोळं हायत न्हवं?" मामींनी मला फोनवर हळूच विचारलं. त्या हसत नव्हत्या.

मी सांगलीत हिंडून वेगवान कार्ड मिळवलं. दुकानदाराने सांगितलं, लॅपटॉपच्या बगलेत फट असते. बटण दाबून जुनं कार्ड बाहेर काढायचं, नवं आत सरकवायचं, स्क्रूला हातही लावायचा नाही. मी मामांना फोन केला आणि कार्ड मिळालं, रविवारी घेऊन येतो, एवढंच कळवलं. बगलेचं सांगायचं राहिलं.

रविवारी पोचलो तेव्हा सोप्यात वर्तमानपत्रावर लॅपटॉपचे अवयव मांडले होते. पडदा एकीकडे, कीबोर्ड दुसरीकडे, आणि मध्ये चष्मा कपाळावर चढवून बसलेले मामा.

"या पाव्हणं. तुमच्या कार्डाला आत जागा करून ठिवलीया."

"मामा, ते बाजूनं नुसतं सरकवायचं असतं."

मामांनी माझ्याकडे, मग पसाऱ्याकडे पाहिलं. "मग त्यांनी स्क्रू..." असं म्हणून ते थांबले. आतून मामी आल्या, पसारा पाहिला आणि लोणच्याची ती बरणी मामांपुढे ठेवून परत गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मामांनी पेचकस माझ्यापुढे धरला. आजवर तो त्यांनी कुणाच्या हाती दिला नव्हता. "तुमीच जोडा," ते म्हणाले. "माजा हात आज बरूबर न्हाई."

दुपारपर्यंत आम्ही तुकडे जुळवत होतो. मामा प्रत्येक स्क्रू तळहातावर घेऊन, त्याची जागा आठवून मला देत होते. बटण दाबल्यावर पडदा उजळला. मी नवं कार्ड बगलेतून सरकवलं, दुकानदाराने दिलेली फ्लॉपी घातली, तार जोडली. मोडेम किंचाळू लागलं. मामा कान लावून ऐकत होते. "लागला," ते पुटपुटले.

टोपडं, कपाळ, भुवया. आणि मग डोळे. मोठे, काळे, कुणावर तरी रागावलेले.

"आगं ए, ये लवकर!" मामांनी हाक मारली. मामी पिठाच्या हातांनीच धावत आल्या. पडद्याला हात लावायला गेल्या आणि पीठ लागेल म्हणून मागे घेतला. "तुमच्यावानीच बगतीया," त्या म्हणाल्या. "काय उघडू म्हनत असंल."

उत्तर मामांनी सांगायचं आणि मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचं असं ठरलं. फौजी माणूस, मजकूर टेलिग्रामएवढाच: "फोटू मिळाला. पोरगी फस्क्लास. आमी ठीक."

"अजून काय लिहू?" मी विचारलं.

"लिवा, पोरीला घिऊन या म्हनावं. आईला लय बगायचीया." मी लिहिलं. तोच त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. "ते ऱ्हाऊ द्या. खोडा. त्यांच्या नोकऱ्या असत्यात, उगं जिवाला घोर."

मी "बरं" म्हणालो आणि न खोडताच पाठवून दिलं.

त्या उन्हाळ्यात लेक बाळाला घेऊन आली. मी भेटायला गेलो तर मामा अंगणात नातीला खांद्यावर घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत होते. "बगा गड्या," ते सांगत होते, "आमी एका शब्दानं बोलावलं न्हाई. आपल्या मनानं आली पोरं."

दारात उभ्या लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून चपला काढू लागलो.