दादासो ड्रायव्हर पायी घाट चढतात

दादासोंनी एकतीस वर्षं एस.टी. चालवली, त्यातली निम्म्याहून जास्त वाई ते महाबळेश्वर. पसरणी घाटातलं कुठलं वळण कितव्या गिअरवर घ्यायचं, हे त्यांच्या हातापायांना पाठ होतं. पण त्यांच्या बायकोने, हरणाबाईंनी, महाबळेश्वर अजून पाहिलं नव्हतं. त्यांना गाडी लागायची. घाटाच्या दुसऱ्या वळणाला तोंडाला पदर, तिसऱ्याला खिडकीबाहेर डोकं. दोनदा प्रयत्न झाला आणि दोन्ही वेळा त्यांना अर्ध्या वाटेत उतरवावं लागलं.

नोव्हेंबरात दादासो निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता हरणाबाई म्हणाल्या, "आवं, समद्या जगाला म्हाबळेश्वर दाखिवलंसा. मला कवा?"

"तुला गाडी लागती, त्याला मी काय करू?"

"मग चालत जाऊ."

हरणाबाईंचं माहेर आटपाडीकडे. लग्नाआधी मेंढरांमागे दिवस दिवस चालल्यामुळे त्यांना यात अवघड असं काही दिसेना. जानेवारीत निघू म्हणत दादासो हो म्हणून बसले, कारण तो तेव्हा लांब होता.

रोज सकाळी चालायचा सराव करायचं ठरलं. तो चहाच्या टपरीपर्यंत तीनदा झाला. चौथ्या दिवशी थंडी पडली. पुण्याच्या मुलाने पाठवलेले बूट निघायच्या आदल्या संध्याकाळी आले, ते एक नंबर लहान निघाले. टोपी सापडेना. पाठीवरची सॅक आणायची राहूनच गेली. शेवटी पायात ड्युटीचे काळे बूट आणि खांद्याला ड्युटीची रेक्झिनची बॅग. हरणाबाईंनी एक कापडी पिशवी घेतली, भाकऱ्या बांधल्या आणि चपला घालून त्या दारात उभ्या राहिल्या.

"झाली का तयारी?"

दादासोंनी बुटांच्या नाड्या आवळल्या.

पसरणी गावापर्यंत बरं चाललं. मग चढ लागला. बॅग घसरायला लागली, उजव्या टाचेला बूट चावायला लागला. हरणाबाई कासोटा खोचल्यागत ताठ पुढे चालल्या होत्या आणि दर वळणावर थांबून यांची वाट बघत होत्या. ते थांबणंच दादासोंना जास्त झोंबत होतं.

तेवढ्यात मागून एस.टी.ची गाडी आली आणि शेजारी थांबली. ड्रायव्हर तानाजीने खिडकीतून डोकं काढलं. "दादा, बसा की! गाडी चुकली व्हय?"

"चुकली न्हाई. चालत निघालोय."

"का? काय नवस-बिवस?"

"फिरायला निघालोय गड्या! जा तू."

अर्ध्या तासाने दुसरी गाडी. पुन्हा तेच. तिसऱ्या गाडीतल्या प्रवाशांनीही माना बाहेर काढल्या आणि एका म्हाताऱ्याने "घरात भांडण झालं का?" असं विचारलं. दादासोंचा संताप अनावर झाला. एकतीस वर्षांत एवढी माणसं जोडली, ती या एका सकाळी तोडून टाकावीशी वाटली.

चौथी गाडी आली तेव्हा ते कठड्यावर बूट काढून बसले होते. टाचेला फोड आला होता. कंडक्टर आकाराम खाली उतरला, काही न विचारता त्याने बॅग उचलून आत ठेवली. "दादा, बसा. वयनी, तुमीबी."

"मला न्हाई जमायचं," हरणाबाई म्हणाल्या. "तुमी जावा गाडीनं. मी येते मागनं."

"असल्या चढाला एकटी येणार?"

"दोघं असून तरी काय, पुढं मी एकलीच हाय की."

हे लागलं. दादासो रागारागाने गाडीत चढले. मऊ सीटवर टेकल्यावर गुडघे सुटे झाले. गाडी वळली तशी खालच्या रस्त्यावर हरणाबाई दिसल्या, डोंगराच्या कडेने, पिशवी डोक्यावर घेऊन, एकट्या. समोरून आलेल्या एका मोटारीने त्यांना उगाच लांबलचक हॉर्न मारला. त्या दचकून कडेला सरकल्या. आपणही पायी माणसाला असाच हॉर्न मारायचो, हे दादासोंना आठवलं.

"आकाराम, बेल मार."

"आता काय झालं?"

"बेल मार म्हणतो ना!"

ते बॅगेसह उतरले आणि वळणावर उभे राहिले. पंधरा मिनिटांनी हरणाबाई आल्या. "का उतरलासा?"

"गाडी लागली मला," दादासो खेकसले.

हरणाबाई हसल्या नाहीत. त्यांनी भाकरीवरचं फडकं सोडलं, फाडलं आणि टाचेला घट्ट बांधलं. बॅग स्वतःच्या डोक्यावर घेतली. यावरून पुन्हा वाद झाला आणि शेवटी बॅगेचा एक बंद एकाने, दुसरा दुसऱ्याने धरून दोघं चढले.

दुपारी दोनला पाचगणी आली. बाजारात दादासोंनी कॅनव्हासचे बूट घेतले आणि "मी दोन दिवस हलणार न्हाई" असं जाहीर केलं. ते खरोखर हलले नाहीत. हरणाबाई एकट्याच टेबललँड फिरून आल्या, पाटीवाल्या बाईकडून स्ट्रॉबेरी आणल्या आणि आंबट म्हणून त्यांवर मीठ घालून खाल्ल्या.

दोन दिवसांत गाठायचं ठरलेलं महाबळेश्वर चार दिवसांनी आलं. कड्याच्या कठड्याशी हरणाबाई बराच वेळ उभ्या होत्या. खालची दरी, धुकं, पलीकडचं कोकण. दादासो महाबळेश्वरला हजारो वेळा आले होते, पण स्टँडच्या पुढे कधी गेले नव्हते. त्यांनाही ते पहिल्यांदाच दिसत होतं, आणि ते त्यांनी सांगितलं नाही.

"लय भारी हाय," हरणाबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आवं, आता माघारी कसं जायाचं?"

हा विचार दोघांनीही केला नव्हता.