खालिदभाईंच्या वहीतली दोन राज्यं

सोलापुरातल्या विजापूर वेशीतल्या खालिदभाईंना बास्केटबॉल खेळता येत नाही. चेंडू हातात दिला तर ते तो कलिंगडासारखा वाजवून बघतात. पण महाराष्ट्राच्या पोरी भारी की कर्नाटकाच्या, हा वाद निघाला की बोळातली माणसं निकालासाठी त्यांच्याकडेच येतात. कारण खालिदभाईंकडे वही आहे.

वीस वर्षं ते खेळाचे कपडे शिवतात. दोन्ही राज्यांच्या पोरींच्या जर्स्या त्यांच्या मशीनखालून गेलेल्या. वहीत डाव्या पानावर महाराष्ट्र, उजव्या पानावर कर्नाटक. खांदा, छाती, लांबी. बाकीचे लोक पॉइंट बघतात, हे इंच बघतात.

पण गेले चार दिवस ही वही त्यांच्या जिवाला घोर लावत होती. यंदा मुलींची व्यावसायिक लीग निघाली, प्रत्येक राज्याचा एक संघ. आणि खालिदभाईंची एकुलती एक यास्मीन कॉलेजच्या संघाची कप्तान. नियम असा, की जन्म जिथला किंवा शिक्षण जिथलं, त्या राज्याकडून निवड चाचणी द्या, पण एकाच. यास्मीन शिकली सोलापुरात. जन्म मात्र कर्नाटकातल्या विजापूरचा, कारण पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिच्या अम्मीचं माहेर तिथलं. झालं! दोन्ही दारं उघडी, आणि बाप उंबऱ्यात अडकलेला. फॉर्म एकदाच भरायचा, नंतर बदल नाही. आज संध्याकाळी पाचला मुदत संपणार होती.

काळजीनं खालिदभाईंचं जेवण सुटलं होतं. परवा तर त्यांनी बिनबाह्यांच्या जर्सीला एक बाही जोडून टाकली आणि दुसरी शोधत बसले.

पावणेतीनच्या सुमाराला यास्मीनचे कोच महेश्वर सर दुकानाच्या पायरीवर येऊन बसले.

"खालिदभाई, भरला का फॉर्म?"

"भरतो की. महाराष्ट्रच. दुसरा इलाज न्हाय, सर." त्यांनी वही पुढे सरकवली. "हे बघा. आपल्या पोरींची छाती चौतीस, पस्तीस. त्यांच्या अडतीस, एकोणचाळीस! खांदे बघा. खांदे न्हाईत, कपाटं हायत. त्या कपाटांच्या गर्दीत माझी पोर निवडली जाईल व्हय?"

आतून यास्मीनच्या अम्मीचा आवाज आला, "आमच्या विजापूरकडच्या पोरी तगड्या हायतच. तुमच्याकडं नुसती तोंडं तगडी."

"ऐका," खालिदभाई म्हणाले. "घरातच विरोधी संघ हाय."

महेश्वर सर हसले नाहीत. ते उजवं पान निरखत होते. "गेल्या महिन्यात मी ह्याच पोरींशी सामना खेळवून आलो. एवढ्या थोराड न्हाईत हो. मापं कवा घेतली? हितं आल्या होत्या?"

"हितं कशाला येतील? आपल्या पोरींची मी मैदानावर जाऊन घेतली, एकेकीला उभी करून. त्यांनी जुन्या जर्स्या धाडल्या, एस्टीच्या पार्सलनं. त्या टेबलावर पसरल्या आणि..."

खालिदभाईंनी टेबलाकडे पाहिलं. गळ्यातली टेप हातात आली.

जर्सी अंगापेक्षा चार इंच सैल ठेवायची, हे ते झोपेतसुद्धा सांगतील. डाव्या पानावर पोरी होत्या. उजव्या पानावर कपडे होते. वर्षानुवर्षं त्यांनी सोलापूरच्या अंगाची तुलना विजापूरच्या कापडाशी केली होती, आणि वर त्यावर निकाल दिले होते! त्यांनी पेन्सिल घेतली, उजव्या पानातून चार-चार इंच वजा केले. अडतीसचे चौतीस. एकोणचाळीसचे पस्तीस. दोन्ही पानं सारखी झाली.

आता मात्र त्यांना दरदरून घाम फुटला. वही होती तोवर निदान चुकीचा का होईना, आधार होता. "सर, मग आता कसं ठरवायचं? तीन वाजले की!"

"मला काय विचारता? जिला खेळायचंय तिला विचारलं का?"

चार दिवसांत खालिदभाईंनी मौलवींना विचारलं होतं, समोरच्या चहावाल्याला विचारलं होतं. पोरीला विचारायचं राहूनच गेलं.

साडेतीनला यास्मीन एकटीचा सराव उरकून आली, घामानं ओली, बगलेत चेंडू.

"बेटा, तुला कुटनं खेळायचंय?"

तिनं आधी सरांकडे पाहिलं, मग बापाकडे. "विचारताय व्हय? मला वाटलं नुसतं कळवणार." चेंडू खाली ठेवून ती स्टुलावर बसली. "कर्नाटकाकडनं."

"का गं?"

"अब्बा, मी दोन्हीकडचे सगळे सामने मोबाइलवर बघितलेत. महाराष्ट्राकडं चेंडू पुढं आणून देणाऱ्या चार पोरी हायत, चारी माझ्यापेक्षा जुन्या. कर्नाटकाकडं रिंगखाली उभ्या राहणाऱ्या उंच पोरी लई, पण त्यांना चेंडू पोचवणारी एकच. ती दमली की खेळ बसतो. तितं माझी जागा हाय."

महेश्वर सरांनी मान डोलावली, पण तोंड वाकडं करून. "खरं हाय. उद्या गावात मला शिव्या पडतील, तरी खरं हाय."

"पडू द्या की सर," आतून आवाज आला. "चहा टाकते."

चहा कुणी प्यायला नाही. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर सेंटरात चौघंही उभी राहिली. जन्मदाखला दोनदा उलटा चढला. पडद्यावरचं चक्र गरगर फिरत राहिलं, आणि ते थांबेपर्यंत खालिदभाईंनी टेप बोटाभोवती इतकी गुंडाळली, की बोट निळं पडलं. पाचला दहा मिनिटं असताना फॉर्म गेला. चाचणी रविवारी.

दुकानात परत आल्यावर त्यांनी वहीचं उजवं पान उघडलं. यास्मीनचं नाव या वहीत कुठेच नव्हतं. तिची जर्सी सहावीपासून ते अंदाजानंच कापत आले होते, दोन इंच वाढतं माप धरून.

"ह्या वेळी वाढतं नको, अब्बा. पळताना अडकतं."

"उभी राहा सरळ."

त्यांनी छातीभोवती टेप धरली. तेहतीस. पुन्हा धरली. साडेचौतीस. तिसऱ्यांदा धरली, आकडा पुन्हा वेगळा. टेप त्यांच्याच श्वासासरशी हलत होती.

"अब्बा," यास्मीन म्हणाली, "श्वास मी धरायचा की तुमी?"