माल पडून आहे

टॉवेलच्या धंद्यात माल साठतो, तसे किस्सेही साठतात. फरक इतकाच, की किस्से साठले म्हणून कुणी भाव पाडून मागत नाही.

सोलापुरात आमचा छोटा टॉवेलचा कारखाना आहे. भिंतीला भिंत लागून व्यंकटेशअण्णांचा. गेल्या वर्षी मागणी थंडावली, दोघांची गोदामं भरली आणि झोप उडाली.

एकदा अण्णांकडे बाहेरगावचा व्यापारी आला. भाव जवळजवळ ठरला होता. तेवढ्यात तो पाणी प्यायला उठला. माठ गोदामाच्या दाराशी. पाणी पिऊन आला तो म्हणाला, "अण्णा, गठ्ठे छताला टेकलेत. आता जुन्या भावाचं बोलू नका."

दुसऱ्या दिवशी माठ फाटकाजवळ आला.

मी त्यातून धडा घेतला. अर्धा माल टेम्पोत घालून मंद्रूपला मामाच्या घरी ठेवला. व्यापाऱ्याला गोदाम रिकामं दिसावं, एवढाच हेतू. पण ते आधी दिसलं आमच्या यल्लप्पाला. तो वडिलांच्या वेळेपासूनचा कारागीर.

"मालक, कारखाना बंद करताय व्हय? मी दुसरीकडं बघू का?"

त्याचा चेहरा बघवेना. गाडीवर बसवून त्याला मंद्रूपला नेलं, सगळा माल दाखवला. त्यानं एका टोकापासून गठ्ठे मोजले.

"एवढा माल पडलाय? मग तर नक्कीच बंद पडनार की."

पुढं अण्णांनी आणि मी ठरवलं, माल कमी होईपर्यंत दिवसाची एकच शिफ्ट चालवायची. दोघांनी शब्द दिला. एका संध्याकाळी मला लूमचा आवाज आला. डोकं फिरलं. तरातरा बाहेर पडलो, तर अण्णा माझ्याच फाटकाला कान लावून उभे.

"तुझं चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

आवाज मागच्या गल्लीतून येत होता.

शेवटी अण्णांनीही गठ्ठे घरी हलवले. नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीला, श्रीदेवीला बघायला पाहुणे आले. बसायला जागा नाही, म्हणून गठ्ठ्यांवर चादरी टाकल्या. मुलाच्या वडिलांचं पुण्यात टॉवेलचंच दुकान. ते चादरीचा कोपरा उचलून बघायला लागले, तसा अण्णांना घाम फुटला. एवढा माल घरात, म्हणजे धंदा बसला, असं कुणालाही वाटलं असतं. मीही मध्यस्थ म्हणून तिथंच होतो.

चहा संपला. मुलाचे वडील म्हणाले, "मुलगी पसंत आहे. आणि हा माल काय भावानं देताय?"

अण्णा हरखले होते. त्या क्षणी कुठल्याही भावाला हो म्हणाले असते. त्यांनी तोंड उघडायच्या आत श्रीदेवीनं ट्रे खाली ठेवला.

"काका, टॉवेलचं आजच्या भावानं आजच ठरवा. माझं मी नंतर सांगते."